बुडवायचा हक्क

तीर्थरूप नाना,

‘तीर्थरूप’ एवढं वाचलंत की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून आईला हाक मारायचात, “शकूले पैसा पाहिजे वाटस!” आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. या वेळी मात्र पैसे मला नकोत, आईला हवेत. तेही तिचेच.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. मी जळगावहून एसटीने आले. जेवणं उरकली, पाहुणे गेले आणि दादाने विषय काढला. तुमच्या मागे आईच्या नावावर जे राहिलं, ते मुदत ठेवीत टाकायचं, उद्याच बँकेत जायचं. आई ताटं घासत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, “माले शेवयासनं यंत्र लेनं शे.”

विजेवर चालणारं, नाना! धरणगावला मावशीच्या शेजारी तिने पाहिलं म्हणे. आपल्या दुकानाच्या पुढच्या खोलीत ते बसवायचं, गल्लीतल्या बायका पीठ घेऊन येतील आणि शेवया करून नेतील.

दादा हसला. “माय, दोन महिनाना धंदा शे. बाकीनं वरीस ते यंत्र बसी राही. आनि या वयमा?”

आणि मी काय म्हटलं असेल? मीसुद्धा तेच. “आई, तुझ्या हाताच्या शेवया सोडून यंत्राच्या शेवया कोण खाणार? आहे ते सांभाळ ना.” बोलून गेले आणि समोर भिंतीवर तुमचा फोटो! तुम्ही असे बघत होतात की मला तिथून उठावंच लागलं. म्हणून हे पत्र.

तुम्हीच सांगा, असं बोलायचा अधिकार मला कुठून आला?

मॅट्रिक झाल्यावर मी तुमच्यापुढे येऊन उभी राहिले होते. पांढऱ्या कोंबड्या पाळायच्या होत्या. तुमच्या सुतळी-दोरखंडाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं ती वेळ मी मुद्दाम साधली होती. दादाच्या वाट्याच्या पैशाला घरात भांडवल म्हणायचे आणि माझ्या वाट्याच्या पैशाला शकूचं लग्न! भांडवलाने बाहेर पडायचं, फिरायचं, नशीब काढायचं. माझ्या पैशाने मात्र कपाटात दबा धरून नवऱ्याची वाट बघायची. हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. दोरीचा गुंडा वळत राहिलात आणि संध्याकाळी आईला म्हणालात, “पोर बराबर सांगी ऱ्हायनी.”

पुण्याहून रेल्वेने पिल्लं आली तो दिवस आठवतो? भोकांच्या खोक्यांतून अख्खं स्टेशन चिवचिवत होतं. तुम्ही टांग्यात खोकी मांडीवर घेऊन बसलात आणि टांगेवाल्याला सारखं “हळू, हळू” म्हणत होतात. मागच्या पडवीत शेंगांच्या टरफलांचा थर आपण दोघांनी पसरला. पहिलं अंडं तुम्ही दुकानात नेऊन गिऱ्हाइकांना दाखवलंत, जणू ते तुम्हीच घातलं होतं!

मग उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्या माना पिरगाळून गिरक्या घ्यायच्या आणि पडायच्या. आठवड्यात पडवी रिकामी झाली. खड्डा तुम्हीच खणलात, मला फावड्याला हात लावू दिला नाहीत. मी वेड्यासारखी रडत होते, कोंबड्यांसाठी कमी आणि लोक काय बोलतील म्हणून जास्त.

लोक आलेच. दुकानाच्या ओट्यावर बसून एक जण म्हणाला, “नाना, बाईना हातमा पैसा दिधा, काय भेटनं?” आत मी कान देऊन उभी. आणि तुमचा आवाज आला, अगदी भाव सांगावा तसा: “आंडोरनी दोन खेप बुडाडा, आंडेरनी एकच. आजून बरोबरी नई हुयनी.”

मुलाने दोनदा बुडवले, मुलीचं अजून एकदा बुडवायचं बाकी आहे, असा हिशोब मांडणारा बाप धुळ्यात दुसरा कुणी होता का हो? दादाने सरकी साठवून घाटा खाल्ला, नंतर तंबूतल्या सिनेमात भागीदारी केली आणि तंबूच वाऱ्याने नेला, तेव्हा सगळे म्हणाले, धंद्यात होतंच. तेच वाक्य तुम्ही माझ्या वाट्याला दिलंत. दादाला तिसऱ्या खेपेला मोटार दुरुस्तीत यश आलं, मला दुसऱ्या खेपेला. आज जळगावला माझी शेड आहे, माझे यजमान नोकरीवरून येऊन अंडी मोजतात. लोक म्हणतात, शकूबाई धीट. धीट कसली! मला एकदा बुडायला मिळालं, एवढंच. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते. मनापासून मानते, नाना.

पण एक तक्रारही आहे, ऐकून घ्या. पोराला दिलंत, पोरीला दिलंत. आईला कधी विचारलंत? ती भित्री, असं आपण सगळेच म्हणायचो. कुठल्याही धंद्याचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा, आणि आपण हसायचो. दादाचा तंबू गेला तेव्हा घरातलं तूप कुणी बंद केलं? माझ्या कोंबड्या मेल्या त्या वर्षी जुनंच लुगडं नेसून दिवाळी कुणी केली? डाव आपण मांडायचे आणि भरपाई तिने करायची. मग तिने घाबरायचं नाही तर काय!

साठी उलटल्यावर तुम्हीही पोस्ट-बँकेशिवाय कशावर विश्वास ठेवेनात. मी समजत होते, वयाने असंच होतं. आणि आई बघा! तिचं उलटंच चाललंय.

रात्री अंथरुणं घालताना मी तिला पुन्हा विचारलं, या वेळी नीट. म्हटलं, म्हातारपणासाठी चार पैसे नकोत का? ती म्हणाली, “म्हातारपन ते यीसनी बसनं. आते कसाले ठेवू?”

“आणि बुडालं तर?”

तिने चादर झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, नाना.

“बुडनं ते मन्हं बुडी,” ती म्हणाली. “आजलोंग बठ्ठं तुमनंच बुडनं.”

आजवर बुडालं ते सगळं आपलंच, नाना; तिचं स्वतःचं बुडायची ही पहिलीच वेळ. तुमच्याकडे याला उत्तर असतं का?

दादाला मी सकाळीच सांगितलं. तो चिडला, बोलला, मग म्हणाला, यंत्राची मोटार तरी माझ्या हाताने बसवू द्या. थोड्या वेळाने आम्ही तिघं बँकेत जाऊ. पैसे ठेवायला नाही, काढायला. यंत्र चाललं तर ते तिचं. नाही चाललं, तर “आम्ही सांगितलं होतं” हे वाक्य या घरात कुणी उच्चारणार नाही, आणि त्या वर्षी काटकसर आम्ही करू, ती नाही. हा माझा शब्द.

आई दारात उभी आहे. नवं लुगडं नेसून तयार आहे आणि मला म्हणतेय, चल लवकर, बँक बंद व्हायची.

तुमची,
शकू