डॉसमधला हस्त, विंडोजमधली चित्रा

४ नोव्हेंबर १९९७, मंगळवार
सकाळी तीन पत्रिका छापल्या. प्रिंटरची रिबन फिकी पडलीय, ग्रहांची घरं वाचायला भिंग लागेल.
दुपारच्या टपालाने ज्योतिषाच्या प्रोग्रॅमवाल्या कंपनीचं पत्रक. गुळगुळीत, रंगीत. नवी आवृत्ती आली आहे म्हणे आणि ती फक्त विंडोज ९५ वर चालते. खाली बारीक अक्षरांत खरी बातमी: डॉसवरच्या आवृत्तीची सेवा डिसेंबरअखेर बंद. मग दुरुस्ती नाही, फोनवर उत्तरं नाहीत. सोबत नमुन्याची सीडी. माझ्या जुन्या ३८६ कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही. म्हणजे नवा कॉम्प्युटर घ्या, असं सरळ लिहायचं की.
शाळेतून निवृत्त झाल्यावर बांगड्या न करता हे मशीन घेतलं. 'गणिताच्या बाई पत्रिका करतात' याचं लोकांना आधी हसू यायचं, आता डोंबिवलीभरातून येतात. पत्रक रद्दीत टाकलं. संध्याकाळी परत काढून ठेवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
वसंता आला होता ठाकुर्लीहून, हातात अनारशांचा डबा. धाकटा भाऊ पन्नाशीचा झाला तरी दारातूनच 'ताई, चहा टाक' म्हणतो. त्याच्या मेधाचं लग्न आता पक्कं. मुलगा नौपाड्याचा, समीर, बँकेत आहे. दोघं दोनदा भेटली, त्यातलं एकदा आमच्याच बाहेरच्या खोलीत. पत्रिका मीच जुळवली होती. मेधाचं नक्षत्र हस्त, त्याचं पुष्य, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. तुळशीची लग्नं झाली की साखरपुडा.
मेधाला फोनवर विचारलं, आवडला ना गं? म्हणाली, "आत्या, तो माझं पूर्ण ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही." आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाबद्दल असं कोणी म्हणू शकलेलं नाही. मला फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
घोटाळा.
सं. ६ ला वसंता कोलशेतच्या कारखान्यातून थेट इकडे. समीरच्या आईचा फोन आला होता. त्यांच्या गुरुजींनी नवा कॉम्प्युटर घेतलाय, नवी विंडोजवाली आवृत्ती. मुहूर्त काढताना त्यांनी दोन्ही पत्रिका पुन्हा घातल्या, तर मेधाचं नक्षत्र हस्त नाहीच, चित्रा. चित्राची मध्य नाडी, पुष्याची मध्य नाडी. एकनाड, म्हणजे जोडप्याच्या आयुष्याला धोका मानतात. गुण चौदा. साखरपुडा थांबवला.
"ताई, तुझं चुकलं का?" वसंताने हळू विचारलं. रागावून विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.
त्याच्यासमोर पुन्हा जन्मवेळ घातली. हस्त. पुन्हा घातली. हस्त. वसंता पडद्याकडे बघत होता, तिथे काही हलेल अशा आशेने. हस्ताच्या अगदी शेवटच्या टोकाला चंद्र आहे हे मला सप्टेंबरातच दिसलं होतं, पण टोकाला का होईना, आहे तर हस्तच, असं मी धरून चालले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कंपनीला एस.टी.डी. लावला. पलीकडे तरुण आवाज.
"मॅडम, कुठली आवृत्ती?"
सांगितली.
"डॉस? ते आता आम्ही बघत नाही."
म्हटलं, डिसेंबरअखेरपर्यंत बघता, तुमच्याच पत्रकात लिहिलंय. मग सरळ झाला. नव्या आवृत्तीत म्हणे अयनांशाच्या, म्हणजे राशीचक्र कुठून मोजायला लागायचं त्याच्या, तीन पद्धती दिल्यात, आपली आपण निवडायची. जुन्या आवृत्तीत एकच होती, आतच ठोकून बसवलेली. पद्धत बदलली की चंद्र इवलासा पुढे-मागे सरकतो. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, पण नक्षत्राच्या उंबरठ्यावरचा माणूस पलीकडे जातो. गुरुजींनी काही निवडलेलं दिसत नाही. मशीनने पुढे केली तीच पद्धत घेतली.
"मग बरोबर कुठली?"
"ते तुमच्या मानण्यावर, मॅडम."
शाळेत असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर हाताने गणित. दोन पंचांगं आणि लॉगची पुस्तकं घेऊन जेवणाचं टेबल अडवलं. एका पंचांगाने हस्त, दुसऱ्याने चित्रा. ह्यांनी भाजी चिरता चिरता विचारलं, "चंद्र डॉसमध्ये वेगळा उगवतो का गं?" मी हसले नाही. मग थोडं हसले.
समीरच्या आईंना फोन करून पद्धतींचं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "अहो बाई, पण तुमचा प्रोग्रॅम कंपनीनेच बंद केलाय ना? गुरुजी म्हणाले, जुन्यात चुका असणार म्हणून तर बंद केला." बंद झालेली गाडी चुकीच्या गावाला जात होती असं थोडंच असतं. पण हे तेव्हा सुचलं नाही, आत्ता सुचलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मेधाच्या ऑफिसात गेले, वागळे इस्टेटला. साहेबांची परवानगी तिने काढली होती. पत्रकासोबतची सीडी घातली, पाच मिनिटांत प्रोग्रॅम चढला. दिसतो मोठा देखणा. प्रत्येक ग्रहाला वेगळा रंग आणि कोपऱ्यात गणपती.
मेधाने स्वतःच स्वतःची जन्मवेळ टाइप केली. चित्रा. एकनाड तांबड्या अक्षरांत. मी पद्धत बदलायला लावली, हस्त आलं. परत पहिली पद्धत, परत चित्रा. मग पहिलीच पद्धत ठेवून नुसती वेळ मागे मागे न्यायला लागली. दहा मिनिटं मागे गेल्यावर तिथेही हस्त. तांबडी अक्षरं गेली.
"दहाच मिनिटं कमी पडतायत, आत्या."
मी म्हटलं, जन्मवेळ ही जन्मवेळ, ती का ओढायची असते?
तेव्हा ती खुर्ची फिरवून म्हणाली, "पण बाबांचं घड्याळ तर कायम दहा मिनिटं पुढे असतं ना गं."
मी खुर्चीत बसूनच राहिले. खरंच की. ठाकुर्लीतल्या निम्म्या घरांत घड्याळं पुढे असतात, गाडी चुकू नये म्हणून. वसंता तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावतो. आमच्याकडे वेळ विचारली की आधी विचारावं लागतं, कोणाची?

२३ नोव्हेंबर, रविवार
ठाकुर्ली. वसंताला एकट्याला गॅलरीत घेऊन विचारलं. मेधा कल्याणच्या प्रसूतिगृहात झाली. नर्सने दार उघडून 'मुलगी' म्हटलं, याने मनगट बघितलं आणि खिशातल्या कागदावर वेळ लिहिली. तीच वेळ मी सगळीकडे घातली.
"लिहिताना दहा वजा केलीस का?"
त्याने कठडा धरला. "आठवत नाही गं. तेव्हा काय सुचत होतं मला."
वहिनी आतून म्हणाली, "मग आता करा ना वजा. काय बिघडतं?"
बिघडत काही नाही, हेच तर. म्हटलं, मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित जुळवणाऱ्या पोरांचे मी आयुष्यभर मार्क कापले.
वसंताचा आवाज चढला. "हे गणित नाहीये, ताई. माझी पोरगी आहे."
जेवायला थांबले नाही. रिक्षात बसल्यावर वाटलं, थांबायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
कल्याणहून एक गृहस्थ आले, मुलाची पत्रिका करायची म्हणून. मशीन सुरू केलं, काळा पडदा बघून म्हणाले, "विंडोजवाली नाही का काढत? रंगीत?" नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेले. चहा तेवढा आवडला त्यांना.
रागच आला. त्यांचा नव्हे, मशीनचाही नव्हे. चांगलं चालणाऱ्या वस्तूला कोणी तरी एक दिवस पत्रक पाठवून म्हातारं ठरवतं, त्याचा. हे म्हणाले, तू स्वतःबद्दल बोलतेयस की मशीनबद्दल? मी कप उचलून आत गेले.

२९ नोव्हेंबर, शनिवार
वसंता सकाळीच हजर. चपला न काढता दारातच, "ताई, आठवलं. वजा नव्हती केली. शंभर टक्के."
मी त्याच्याकडे बघितलं, त्याने चपलांकडे. लहानपणी आंब्याच्या फोडी पळवल्या की असाच खाली बघायचा. पण खरं बोलतानाही तो खालीच बघतो, त्यामुळे कळायला मार्ग नाही. आणि खरंच वजा केली नसेल तर? घाईत, घाबरलेला, कोण वजाबाकी करत बसेल? शक्यता तीच जास्त. फक्त तो शंभर टक्के म्हणाला नसता तर मी विश्वास ठेवला असता.
त्याला पोहे दिले.

३० नोव्हेंबर, रविवार
मेधा आली. नव्या प्रोग्रॅममधून तिने ऑफिसात दोन पत्रिका छापून आणल्या होत्या, एक लिहिलेल्या वेळेची, एक दहा मिनिटं आधीची. मी माझ्या ३८६ वरची तिसरी काढली. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत चौदा गुण, बाकी दोन्हींत अठ्ठावीस.
वसंताचं म्हणणं, दहा मिनिटं आधीची तेवढी पाठव. मी तिन्ही पाकिटात घातल्या आणि सोबत हाताने लिहिलं: जन्मवेळ वडिलांच्या घड्याळाप्रमाणे. घड्याळ दहा मिनिटे पुढे असे. वेळ लिहिताना ती वजा केली की नाही, हे आज खात्रीने सांगता येत नाही. खाली सही.
वसंता पाकीट न्यायला तयार नाही. म्हणाला, हे म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा. मेधा म्हणाली, "द्या इकडे, मी नेते. त्यांच्या घरी राहायचंय मला, तुम्हाला नाही." समीरला तिने सगळं आधीच सांगितलंय. तो काय म्हणाला विचारलं तर म्हणे, "ऐकून घेतलं. पण निर्णय आईवर सोडतो म्हणाला." हे सांगताना तिचा चेहरा पडला. मध्ये न बोलणाऱ्या माणसाने कधी तरी बोलायलाही हवं, असं मला वाटलं. तिला म्हटलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार
दु. ४ ला समीरच्या आईंचा फोन. पाकीट त्यांनी मेधासमोरच उघडलं होतं. गुरुजींना दाखवलं, गुरुजी म्हणाले असं दोन्ही दगडांवर पाय ठेवून चालत नाही, एक काय ते ठरवा. म्हणून मला फोन.
"बाई, तुम्ही एक पत्रिका पाठवली असती तर मी निमूट मान्य केली असती. तिन्ही का पाठवल्यात?"
म्हटलं, मला तिन्ही दिसतात म्हणून.
मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "मला नाडी, अयनांश काही कळत नाही. मी फक्त घाबरलेय. समीरचे बाबा लवकर गेले, आमची एकनाड होती असं सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या. तुम्ही मला एकच सांगा. समीर तुमचा मुलगा असता, तर ही मुलगी करून घेतली असतीत?"
"हो," म्हटलं.
विचार न करता म्हटलं. टेबलावर पत्रिका उघड्या होत्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. इतकी वर्षं लोक मला किती गुण जुळले ते विचारत आले आणि मी आकडा सांगत आले. हे कोणी विचारलं नव्हतं.
"बरं," म्हणाल्या. "समीर आला की बोलते. कळवते."
फोन ठेवला. हे म्हणाले, काय म्हणाल्या? वसंता मघापासून फोन लावत असणार, लाइन लागलेली होती. आता परत वाजतोय. उचलते.