ते हुक कायचे?

बाबा, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता उत्तर सापडून काही उपयोग नाही. तरी या आठवड्यात ते सापडलं, आणि ते तुमच्यापाशीच होतं, म्हणून लिहिते आहे.

माझी बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. पुलगावच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही दुपारपाळीआधी जेवायला बसला आहात आणि मी दाराशी गाईड धरून इंग्रजी वाक्प्रचार मोठ्यानं घोकते आहे. ‘ऑन टेंटरहुक्स, म्हणजे अत्यंत चिंतेत असणे.’ चारदा, पाचदा. तुम्ही हातातला घास तसाच ठेवून विचारलंत, "हे हुक कायचे असते व?" मी म्हटलं, हुकबिक काही नसतं, अर्थ चिंता. "अर्थ नाई विचारून राह्यलो मी. चिंतेत हुक कुठून आले, ते सांग. आमच्या खात्यात स्टेंटरले असते, तसे काय?" मला हसू आलं आणि रागही आला. "बाबा, हे इंग्रजी हाये, तुमची गिरणी नाई. तुमाले नाई समजत त्यातलं." आई एवढंच म्हणाली, "त्याहिले जेवू दे." तुम्ही जेवलात, हात धुतलेत, सायकल काढलीत. भांडण नाही, अबोला नाही. फक्त त्यानंतर माझ्या अभ्यासातलं तुम्ही कधीच काही विचारलं नाही. मी एमए झाले, इंग्रजी शिकवायला लागले, तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत, पण विचारणं बंद ते बंदच. मला तेव्हा वाटायचं, बरं झालं, सुटले.

स्टेंटर मी पाहिलं नव्हतं असंही नाही. दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. तुम्ही माझा हात घट्ट धरून दाखवलं होतंत: धुऊन आलेलं ओलं कापड दोन्ही काठांनी पिनांवर अडकवायचं आणि तसंच ताणलेलं गरम हवेतून न्यायचं, म्हणजे सुकताना आटत नाही. पुढे माझ्या कॉलेजच्या ड्रेसचं कापड घेताना तुम्ही दुकानदारासमोर काठ उजेडात धरून पिनांची भोकं बघत बसलात. मी शरमेनं रस्त्याकडे तोंड केलं. तुम्ही त्याला समजावत होतात, "ताण दोन्हीकडून सारखा पाह्यजे. एकीकडून जास्त वढलं का कापड तिरपं जाते, मंग शिंप्याच्या बापालेबी सरळ होत नाई." तो ड्रेस मी पाच वर्षं वापरला.

परवा वर्गात तोच वाक्प्रचार आला. मी अर्थ सांगितला, फळ्यावर लिहिला आणि पुढे निघाले, तर वडनेरहून येणारी एक मुलगी उठली. "मॅडम, पण ते हुक कायचे?" उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन जाडा कोश काढला. पूर्वी इंग्लंडात लोकरीचं विणलेलं कापड धुतल्यावर उघड्या मैदानात लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचे, आटू नये म्हणून. त्या चौकटीचं नाव टेंटर, आणि काठ अडकवायचे वाकडे खिळे ते टेंटरहुक्स. जीव असा दोन्हीकडून ताणलेला राहतो, म्हणून ती चिंता. वीस वर्षं मी हा अर्थ शिकवते आहे, आणि तो कुठून आला ते तुम्ही जेवता जेवता ओळखलं होतंत. कोश मिटला आणि मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. चौकट, खिळे, मग गिरणीतलं यंत्र, पिना, सारखा ताण. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र टाकायचं धाडस मला झालं नसतं, बाबा, कारण पुढचंही लिहावं लागलं असतं. तास संपताना त्याच मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमाले एवढं कसं माहीत? तुमच्या घरचं कोणी होतं काय गिरणीत?" सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, नाही, पुस्तकात वाचलं.