गल्लीच्या टोकाची पायरी

मी, सौ. मोहिनी किशोर देवरे, वय बावन्न, राहणार पंचवटी, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला ऐकू येत नाही, पण कळते सगळे. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही निरवानिरव.

१. राहते घर यजमान किशोर यांना, त्यांच्यानंतर मुलगी पूजाला. बँकेतली ठेव पूजाला. देवळ्याचा माहेरचा हिस्सा मी पूर्वीच भावांना सोडला आहे, त्यावर पुन्हा चर्चा नको.

२. किशोर यांच्या गिटारचा अॅम्प्लिफायर, म्हणजे ती काळी पेटी, १९९४ साली माझ्या शिकवण्यांच्या पैशांतून आली, म्हणून माझी धरावी, आणि ती मी त्यांनाच देते. लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राकडून घेतलेली जुनी पेटी. तिचा आवाज नितळ, कितीही वाढवला तरी नितळच. किशोर यांना मात्र रॉक वाजवायचे होते, जाडजूड, गुरगुरणारे. अंबडच्या कारखान्यातून आले की पेटीपुढे हिरमुसून बसायचे. मग त्यांनी पायाने दाबायची तीन पेडल आणली, आवाजाला किंचित धार देणारे ओव्हरड्राइव्ह, तो फाडून गुरगुरवणारे डिस्टॉर्शन आणि जाड-बारीक सूर कमीजास्त करणारे इक्वलायझर, आणि सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली. घरात आभाळ गडगडले. मी भाजीला गेले होते. गल्लीच्या टोकाला, भाजीवाल्या भागीबाईंच्या पायरीशी, तेच वाजणे तळणीच्या तेलासारखे चरचरत पोचत होते.

३. तेव्हापासून लांबवर कसे पोचते ते ऐकायला मी पायरीवर उभी राहू लागले आणि ते खिडकीत बसून बटणे फिरवू लागले. मी हात खाली केला की डिस्टॉर्शन कमी करायचे, वर केला की इक्वलायझरवर मधले सूर वाढवायचे. ओव्हरड्राइव्ह आधी, हलकेसे. डिस्टॉर्शन त्याच्या मागून, जेमतेम अर्ध्यावर. वरची चरचर शेवटी कापायची. एका संध्याकाळी मेथीची जुडी बांधता बांधता भागीबाई म्हणाल्या, "आता कसं पोटात घुमतंय. मघाशी नुसतं चरचर करत व्हतं." मला वाटले, गल्लीखालून नदी वाहते आहे आणि पायरी माझ्यासकट हळूच सुटून चालली आहे. इतकी सुखी मी फार थोड्या वेळा झाले. घरी येऊन प्रत्येक बटण जिथे थांबले होते तिथे खुणेला नेलपॉलिशचा ठिपका दिला.

४. हे ठिपके कोणी खरवडू नयेत. विशेषतः किशोर यांच्या बँडमधले कीबोर्डवाले मनोज यांनी. "पेडलचा आवाज म्हणजे उसना आवाज, वहिनी," असे ते माझ्याच घरचे पोहे खात म्हणाले होते. त्यांना मी आमची घूं घूं करणारी खराब वायर देते. उसनी नाही, कायमची.

५. २००३ च्या तापात माझे दोन्ही कान गेले. किशोर यांनी पेडल ट्रंकेत ठेवून दिली. ठिपके आहेत ना, मी म्हटले. पण गिटारला नव्या तारा लावल्या की बटण थोडे इकडेतिकडे करावेच लागते, आणि ते पायरीवरूनच कळते. त्यांनी पाटीवर लिहिले, "तुला ऐकू येत नाही, तर मी विचारू कोणाला?" मला फार राग आला, आणि तितकेच रडू. माझी शांतता तापाने आली. त्यांनी ती माझ्यासाठी अंगावर घेतली, हे मला सहन होत नाही.

६. म्हणून पायरीवरची माझी जागा मी पूजाला देते. पायरी आमच्या मालकीची नाही, पण भागीबाईंची संमती घेतली आहे. मृत्युपत्र मरणानंतर लागू होते, असे वकील सांगतात. हे कलम मात्र सहीच्या आधी लागू व्हावे. नाहीतर मी सही करणार नाही.

स्थळ: पंचवटी, नाशिक
दिनांक: ११ नोव्हेंबर २००६

(सही) मोहिनी किशोर देवरे

साक्षीदार:

१. वाल्मीक निकम, शेजारी. बाईंचा डावा तळवा पेटीवर होता. किशोरभाऊ ट्रंकेतली पेडल जोडून वाजवत होते, खिडकीतून पायरीकडे बघत. पूजाने हात खाली केला, मग वर. बाई डोळे मिटून बराच वेळ बसल्या. मग आमच्यासमोर सही केली.

२. भागीबाई, अंगठा. सांगितले तसे वाल्मीक यांनी लिहिले: "मी पोरीसंगं पायरीवर व्हते. तिथवर घुमलं, तवाच बाईच्या सहीला आले."