विंगेपर्यंतचा काळोख

१२ जून

नवे दिवे आले! तापले की करपट वास मारणारे जुने सगळे थिएटरमधून हद्दपार. दिग्दर्शकाने बटण दाबून दाखवलं — खटकन काळोख! "ताई, बघा कसा सुरीने कापल्यासारखा ब्लॅकआउट होतो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

जुन्या दिव्यांचं एक बरं होतं. विझले तरी आतली तार क्षणभर लालसर धुमसायची. तेवढ्यात मी खुर्चीतून उठून विंग गाठायची. मला रातांधळेपणा आहे, अंधारात काहीच दिसत नाही, हे आजवर कुणाला कळलं नाही ते त्या तारेच्या कृपेने. आता ती तार गेली. पण कळू द्यायचं नाही म्हणजे नाही! कळलं की आईची भूमिका दुसरीला. ही माणसं मला चांगली ठाऊक आहेत. आधी सत्कार करतील, मग घरी बसवतील.

१३ जून

भाचा आला होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे चहा हवा का विचारलं तरी खुलासेवार उत्तर देतो. म्हटलं, काळोखाला वेग असतो का रे?

"काळोख येत नाही गं मावशी. शेवटचा उजेड निघून जातो, एवढंच. म्हणजे उजेडाचा जो वेग, तोच काळोखाचा म्हण हवं तर."

"आणि अंतर?"

"अंतर कसलं? तो काय परगाव आहे?"

ह्याला काय कळतंय कपाळ! माझ्या काळोखाला चांगलं अंतर आहे — खुर्चीपासून विंगेपर्यंत. वाटेत टेबल, एक पायरी, आणि डावीकडे थेट पहिल्या रांगेच्या मांडीत कोसळायची सोय. त्याला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहिणीला तासाभरात कळलं असतं.

१४ जून

तालीम. टेबलाला धडकले, दोन पेले फुटले. "ताई, दमलात का?" दिग्दर्शकाने विचारलं. दमतोय तुझा बाप! (मनात.) तोंडाने म्हणाले, टेबल जागेवरून हललंय. नेपथ्यवाल्याला उगाच बोलणी बसली. वाईट वाटलं.

१५ जून

डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, "नाटक आता पुरे करा. घरी आराम करा." का? घरी काय काळोख पडत नाही?

१७ जून

सकाळीच थिएटर उघडायला लावलं. पहारेकऱ्याला सांगितलं, पाठांतर करायचंय. डोळे घट्ट मिटून खुर्चीतून उठले. टेबल. पुन्हा टेबल. नडगी सोलवटली. पहारेकरी दारातून म्हणाला, "बाई, डोळे उघडून पाठ होत नाही का?" हसूच आलं!

मग हळूहळू जमायला लागलं. पायरीच्या आधीची फळी कुरकुरते. विंगेकडून गार वारा येतो. तो उजव्या गालावर घ्यायचा आणि चालत सुटायचं. पडदा हाताला लागला तेव्हा एकटीच ओरडले, आले रे! काळोखाला वेग असो नसो, मला आहे. या भूमिकेत मी केस पिकवलेत, अशी सहज सोडेन होय? घरी येऊन नडगीला बर्फ लावला.

१८ जून

उद्या नव्या दिव्यांवरचा पहिला प्रयोग. बघतेच त्या काळोखाला!

१९ जून

पोचले! एकटी, हात पुढे करून, चाचपडत, ठरवल्यापेक्षा जरा सावकाश, पण पोचले. विंगेचा पडदा बोटांना लागला तेव्हा मागे वळून काळोखाला चांगलं वेडावून दाखवलं. तेवढ्यात समोरून, माझ्या मुलाचं काम करणाऱ्या पोराने पुढच्या प्रवेशाचं पहिलं वाक्य टाकलं — "उजाडलं." म्हणजे पहाटेचा मंद निळा उजेड मी निम्म्या वाटेत असतानाच आला होता. भरलेलं थिएटर मला बघत होतं. मला अजून काळोखच होता.