तिसरी खोडी

१ ऑगस्ट १९८६
भंडाऱ्यात रुजू झाले! पूर-सूचनेच्या कार्यालयात नवाकोरा संगणक आलाय, हिरव्या अक्षरांचा, आणि तो चालवायला मी. वरच्या गावांतून वैनगंगेच्या पाण्याचे आकडे फोनवर येतात. ते भरले की पलीकडच्या काठावरच्या कारधा गावाला धोका आहे का, हे माझा प्रोग्राम सांगणार. धोका असला तर भोंगा वाजेल. खोलीही कारध्यातच मिळाली, गोदावरीबाईंकडे. त्यांनी पाटवडीचा रस्सा केला होता. मी पुन्हा पुन्हा भात घेतला.

७ ऑगस्ट
साहेबांसमोर चाचणी. मोठा आकडा भरला; भोंगा गप्प. सगळे हसले. दुपारभर शोधल्यावर सापडलं: एका ओळीत इंग्रजी ‘आय’च्या जागी एकचा आकडा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मी असं लिहिलंच नव्हतं.
मधुकरराव हेच काम वर्षानुवर्षं हाताने करत. आता त्यांची खुर्ची व्हरांड्यात असते. एकटे तेच हसले नाहीत.

११ ऑगस्ट
आज अधिकच्या जागी उणे. नदी चढली की पडद्यावर उतरते. मी कोणाजवळ बोलले नव्हते. तरी चहा पिताना मधुकररावांनी हळूच विचारलं, आज काय सापडलं?

१४ ऑगस्ट
साहेबांना सांगितलं. मधुकररावांची तुमसरला बदली झाली. जाताना माझ्या टेबलावर वाकून म्हणाले, “तीन खोड्या करून ठेवल्या, पोरी. दोन सापडल्या तुले. तिसरी पाह्य आता.”

१९ ऑगस्ट
सापडत नाही. ओळ न् ओळ खोडते, पुन्हा लिहिते. अन्न जात नाही. गोदावरीबाई म्हणतात, “झोपेत आकडे काहून बडबडून राहिली, बाई?”

२३ ऑगस्ट
वर पाऊस फार. आकडे भरले. पडद्यावर ‘सेफ’. कारध्याहून माणूस आला, गुरं हलवायची का विचारत. नको म्हटलं. पडदा तर सेफ—

२३, दुपार
खिडकीतून नदी दिसते. काठ दिसत नाही. भोंगा गप्प.

तुमसरला फोन लावला. ओरडलेच, तिसरी कुठे आहे सांगा. मधुकरराव म्हणाले,
“तिसरी नव्हतीच, पोरी. तुले भेव दाखवाले म्हटलं होतं. कारध्याले सांगितलं का नाही?”

प्रोग्राम उघडला. धोक्याची ओळच नाही. मीच—शोधता शोधता—माझ्याच हातांनी—

कारध्याच्या ग्रामपंचायतीत फोन वाजतोय. वाजतोय.

उचलला. गोदावरीबाईंना गच्चीवर—हॅलो—कोण आहे? बोला ना. पलीकडून नुसता पाण्याचा आवाज—