नव्या नाट्यगृहाच्या भिंती

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. माझा खोकला गेला, काळजी नको. वहिनीचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना?

आमचं नवं नाट्यगृह बांधून झालं. पुढची बाजू सगळी काचेची, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आतला जिना दिसतो. ते बांधणाऱ्या आर्किटेक्टबाईंनी मला हौसेने सगळं दाखवलं. भिंतीवर थाप मारून म्हणाल्या, "मावशी, आत तोफ डागली तरी बाहेर कळायचं नाही!"

मी म्हटलं, "बरं झालं. आता शेजारी तरी नाटकाला नावं ठेवणार नाहीत."

जुन्या पत्र्याच्या नाट्यगृहातल्या शेवटच्या टाळ्या त्याच्या मागच्या माझ्या खोलीत ऐकू यायच्या. त्या ऐकून मी चहाचं आधण ठेवायचे. पडदा पाडून हे घरी येईपर्यंत चहा तयार असायचा. हे गेल्यावरही, इमारत पाडेपर्यंत, मी टाळ्या ऐकून दोन कपांचं पाणी ठेवत होते. तुला वाईट वाटेल म्हणून कधी लिहिलं नाही.

तू घरी ये म्हणायचास आणि मी लिहायचे, बांधकाम होऊ दे. खरं तर त्या टाळ्या पुन्हा ऐकू येतील म्हणून थांबले होते.

काल पहिला प्रयोग झाला. मी खिडकी उघडून बसले होते. काहीच ऐकू आलं नाही. माणसं बोलत रस्त्यावर आली, तेव्हा कळलं की नाटक संपलं.

दादा, इमारत खरंच सुरेख झाली आहे. तू मला न्यायला ये. सामान थोडंच आहे, पण एकटीने कुलूप लावणं मला जमणार नाही.

वाट बघते.

तुझी,
धाकटी