उजव्या डोळ्याची लेन्स

टोकावडे,
५ डिसेंबर २०२३

चि. सौ. कुणाली हिस अ. आ. वि. वि.

सापगावाहून निघाले ती दुपारीच घरी पोचले. फोन केला की आई स्पीकर लावते नि सगळं घर ऐकतं, म्हणून लिहितेय. आमची भाताची झोडणी उरकली, पेंढा रचायचा राहिलाय.

माहेरी चार दिवस राहिले, पण सकाळचा तुझा सोहळा बघून हसू आलं हो. तू साबणाने हात धुवून खिडकीशी बसणार, माझा भाऊ मंगेश आरसा धरून उभा, नि आई सगळ्यांना दटावणार की आता कोणी बोलू नका, तिची लेन्स पडेल. माझा चहा तोवर चुलीवरच.

सातवीपासून मलाही फळा दिसत नव्हता. बाबा म्हणाले, पोरगी ढोंग करते. पुढे चष्मा केला, त्याने काय भागलं नाय, नववीत शाळा सुटली. अजून एसटीचा बोर्ड दुसऱ्याला विचारते. तुला मात्र मंगेशने ठाण्याला नेऊन या लेन्स करून दिल्या. असो, नशीब तुझं, त्यात तुझा काय दोष.

या नणंदेवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
जयश्रीताई


सापगाव,
१६ डिसेंबर २०२३

ती. सौ. जयश्रीताईंना कुणालीचा सा. न. वि. वि.

एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वाकड्या झाल्या तर सांभाळून घ्या. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी उजवा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. लेन्स लगेच काढली. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळावर जखम आहे, जंतू शिरलेत. तासातासाला थेंब चालू आहेत.

त्यांनी तीनदा विचारलं, लेन्सला पाणी लागलं का. मी शपथेवर नाही म्हटलं. तुम्ही बघितलंच आहे, काढली की तळहातावर तिचं औषध घालून बोटाने हळू चोळते, औषधानेच धुते. डबीत रोज नवं औषध, आणि सकाळी डबी रिकामी करून उपडी सुकवते. नळाचं पाणी सोडाच, उकळलेलंही लावत नाही.

तरी आई म्हणतात, मी हयगय केलीच. काल ह्यांनीही तेच विचारलं. अंगणवाडीत माझ्या जागी दुसरी बाई बसवलीय. ताई, जे केलं नाही ते कबूल तरी कसं करू?

आहे ती माया राहू द्या.

तुमची,
कुणाली


टोकावडे,
२० डिसेंबर २०२३

चि. सौ. कुणाली हिस अ. आ.

हयगय तू केली नाहीस. मी केलं.

निघायच्या दिवशी सकाळी तू न्हाणीत होतीस, डबी खिडकीत. उजवी लेन्स उचलून मी माझ्या डोळ्यात घातली. दोनदा पडली, तिसऱ्यांदा बसली. खडा गेल्यासारखं खुपलं, पाणी वाहायला लागलं, पण क्षणभर समोरच्या घराची कौलं एकेक सुटी दिसली. मला वाटायचं, लांबून सगळ्यांना कौलं अशी एकच लालसर पसरट दिसतात.

तेवढ्यात न्हाणीचं दार वाजलं. घाईने काढली, हंड्यातल्या पाण्यात धुतली नि डबीत टाकली. तू येऊन हात धुतलेस नि तीच डोळ्यात घातलीस. मी समोर उभी होते. बोलले नाय.

पाण्याने एवढं होतं हे ठाऊक नव्हतं, ते खरं. पण तू घालत असताना जरा खुपावी हिला असं मनात आलं, तेही खरं. तुझा हेवा वाटतो गो. लेन्सचा वाटतो, आरसा धरणाऱ्या भावाचाही वाटतो.

जयश्री


सापगाव,
९ जानेवारी २०२४

ती. सौ. जयश्रीताईंना सा. न.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं. जखम भरली, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. तो जाणार नाही म्हणतात. त्या डोळ्यात पुन्हा लेन्स कधी, तेही सांगता येत नाही.

हेवा मलाही वाटतो. तुम्ही आलात की हे जसे हसतात तसे माझ्याशी कधी हसत नाहीत. आई सुकट तुमच्यासाठी राखून ठेवतात. पण मी तुमच्या कशाला हात लावला नाही. पत्र कोणाला दाखवलेलं नाही, आई अजून मलाच बोलतात. तुम्हीच सांगायचं, तेही स्पीकरवर, सगळं घर ऐकेल असं.

आणखी एक. माझ्या लेन्सने कौलं सुटी दिसली, म्हणजे तुमचंही बुबुळ माझ्यासारखं पुढे आलेलं असणार. डॉक्टरीणबाईंना विचारलं. लवकर दाखवा म्हणाल्या, आणि डोळे चोळू नका. पत्ता मागे लिहिला आहे. रागातच लिहिला आहे, पण जा.

लोभ किती उरलाय ते आज लिहवत नाही.

कुणाली


टोकावडे,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. कुणाली हिस,

सांगितलं ते तू ऐकलंसच. मंगेशने फोन ठेवला तो अजून उचलत नाय. आई तुझ्याशी नीट बोलली का, हे विचारायला मला तोंड नाय.

ठाण्याला जाऊन आले, आमचे हे बरोबर होते. तोच आजार निघाला, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टरीणबाईंनी तपासायची लेन्स बसवली नि मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांच्या भुवईवर जुन्या जखमेची खूण आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी कधी बघितलीच नव्हती. तिथेच एवढी रडले की लेन्स वाहून गेली, सगळे जमिनीवर शोधत बसले.

हेवा गेला असं खोटं लिहीत नाय. तू अंगणवाडीत परत गेलीस हे ऐकून बरं वाटलं, एवढं खरं.

माझ्या लेन्स पुढच्या बुधवारी मिळतील. त्या घालून सापगावला येईन म्हणते. तुझ्या डोळ्यावरचा डाग मला तेव्हा स्वच्छ दिसेल, म्हणून पाय उचलत नाय. तरी येते. दार लावू नको.

जयश्री